गालिचा गिळणारं मशीन

"याची ओढ कधी म्हणजे कधीच कमी होत नाही!" कचरा ओढणाऱ्या नव्या मशीनचं खोकं उघडायच्या आधीच एवारिस्तोने जाहीर केलं. "आणि पिशवीची भानगडच नाही! सगळा कचरा या पारदर्शक डब्यात डोळ्यांसमोर. बटण दाबलं की बूड उघडतं, डबा रिकामा! जन्माची कटकट मिटली म्हण!"

एर्मेलिंदाने किंमत ऐकली आणि हातातला झाडू भिंतीला टेकवला. टेकवला कसला, आपटलाच. तेवढ्या केत्सालांत स्वयंपाकघराचं गळकं छप्पर दुरुस्त होऊन वर भिंतींना रंगही लागला असता.

"पिशवीवालं निम्म्या किमतीत मिळतं ना?"

"पण पिशव्या पुन्हा पुन्हा घ्याव्या लागतात! पुढचा विचार कर."

"अरे विचारवंता, आपल्या घरात नुसती फरशी आहे! गालिचा औषधालाही नाही! हे ओढणार काय, माझा जीव?"

एवारिस्तो अशाने खचणारा नव्हता. तो मशीन घेऊन तडक सासूच्या खोलीत शिरला. एर्मेलिंदाची आई, मामा त्रान्सितो, डिसेंबरात गेली, तेव्हापासून लेकीने तिथे झाडू फिरवला नव्हता. हातच धजत नव्हता. या पठ्ठ्याने मात्र पलंगाखाली नळी घातली, घर्रर्र केलं, आणि डबा बायकोच्या नाकासमोर धरला. आत अंगाला लावायची पावडर, लोकरीचे तुकडे, पांढरे केस. "बघ, किती घाण होती!"

एर्मेलिंदा बोलत नाही तेव्हा शहाण्या माणसाने घराबाहेर पडावं. एवारिस्तो कपाटाखालचं काढायला वाकला.

दुसऱ्या दिवशी रविवार, चर्चच्या उपासाच्या दिवसांतल्या मिरवणुकीचा. आंतिग्वा शहरात त्या दिवशी दारासमोर रस्त्यावर रंगीत लाकडी भुशाचा गालिचा घालतात आणि मूर्ती खांद्यावर घेतलेली माणसं तो तुडवत जातात. मामा त्रान्सितोने हयातभर घातला. मधोमध पांढरं कबुतर, त्याचा पुठ्ठ्याचा साचा तिने स्वतः कापलेला. हा तिच्यावाचून पहिलाच गालिचा. "कबुतर चुकवणार नाही," असं एर्मेलिंदाने तिला शेवटच्या दुखण्यात कबूल केलं होतं.

सकाळपासून फळीवर पालथी पडून, कंबरेचे तुकडे करून घेऊन तिने तो घातला. फुलं उतरली, कडेला पाइनची पानं लागली, होता नव्हता तेवढा पांढरा भुसा संपवून कबुतर उतरलं. थेट आईचं! भुसा उडू नये म्हणून तिने वर पाणी शिंपडलं. लांबून ढोल ऐकू यायला लागला तशी ती कपडे बदलायला आत गेली. जाता जाता नवऱ्याला म्हणाली, "हात लावू नकोस. बघूसुद्धा नकोस!"

एवारिस्तोने बघितलं. कडेच्या बाहेर थोडा लाल भुसा सांडला होता.

"मी फक्त कड साफ करत होतो," असं तो अजून सांगतो. खिडकीतून वायर आली, नळी कडेला टेकली, आणि ओढ काही कमी झाली नाही! आधी एक फूल गेलं. घाबरून त्याने नळी झटकली, ती मध्ये पडली. मान, पंख, पोट, अख्खं कबुतर मशीनच्या घशात! ओला भुसा घशात अडकताच ते खोकलं, जळका वास सोडला आणि गप झालं.

एर्मेलिंदा एका पायात बूट घालून दारात उभी होती.

"एवारिस्तो!"

पलीकडच्या गल्लीत बँडचा ठेका चुकला म्हणतात.

"काही हरवलं नाही!" तो डबा उंच धरून ओरडला. "पिशवी नाही ना, सगळं इथेच आहे! बघ!" लाल, हिरवा, पिवळा, पांढरा, सगळं घुसळून वाटलेल्या राजम्याचा रंग झाला होता. आणि मग त्या शहाण्याने बटण दाबलं. बूड उघडलं. चिखलाचा गोळा कबुतराच्या जागी थप्पकन पडला.

"मेल्या! आयुष्यात एक काम सांगितलं, काही करू नकोस म्हणून! तेवढंही जमलं नाही तुला?"

"एर्मे, मिरवणूक कोपऱ्यावर वळली हं!" समोरून शेजारीण डोन्या ओदिलियाने कळवलं. मदतीला मात्र कुणी हलेना.

पांढरा भुसा चिमूटभरही उरला नव्हता. एर्मेलिंदाने उपासाच्या दिवसांत तोंडून काढू नयेत अशा सगळ्या शिव्या हासडत साचा मांडला आणि तोच चिखल बोटांनी त्यात दाबायला लागली. दाबता दाबता थांबली. भुशात पावडर चमकत होती. एक लांब पांढरा केस तिच्या बोटाला गुंडाळला होता.

"आई गं," ती पुटपुटली. डोळे भरून आले, त्याचाही तिला राग आला. मग तिने दुप्पट जोराने शिव्या देत पंख पुरा केला.

साचा उचलला न उचलला तोच जांभळ्या झग्यातली माणसं मूर्ती घेऊन, धुपाच्या धुरातून डुलत आली. त्यांनी तपकिरी कबुतरावर पाय ठेवले आणि ती पुढे गेली.

"एर्मे, काय सुंदर रंग गं!" ओदिलिया रस्ता ओलांडून आली. "मातीसारखा, आणि वर चमक! कुठून आणलास?"

एवारिस्तोने तोंड उघडलं. एर्मेलिंदाने बुटाचा पाय त्याच्या पायावर ठेवला आणि सगळा भार दिला.

मिरवणुकीमागून नगरपालिकेची माणसं आली आणि साध्या झाडूंनी रस्ता लख्ख करून गेली. एवारिस्तो त्या झाडूंकडे पाहत राहिला.

"उद्या दुकानात परत नेतो," तो खाली मान घालून म्हणाला. "भिजलेलं घेतात का विचारतो."

एर्मेलिंदाने डबा हातात घेतला. आतल्या बाजूला आणखी एक पांढरा केस चिकटला होता.

"हात तर लावून बघ त्याला!" ती कडाडली. "हे मशीन या घरातून हलणार नाही!"

एवारिस्तोचा चेहरा खुलला. "म्हणजे... घेण्यासारखं होतं म्हणायचं?"

एर्मेलिंदाने भिंतीला टेकवलेला झाडू उचलून त्याच्या हातात दिला.

"आईची खोली सोडून सगळं घर झाड," ती म्हणाली. "उद्याही तूच. परवाही तूच. जन्माची कटकट मिटली म्हण!"