जावईबापू आत आहेत

जावईबापू दोन बादल्या आणि एक फुगलेली पिशवी घेऊन सासरच्या बाथरूममध्ये शिरले, तेव्हा सासूबाईंनी रीतीप्रमाणे विचारलं, "काही धुवायचंय का? द्या की इकडे!"

"धुवायचंच आहे, आई. पण ते मलाच धुवावं लागेल," असं म्हणून त्यांनी आतून कडी घातली आणि दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबला.

या बाथरूमला खिडकी नव्हती. बांधणारा विसरला होता म्हणे. एवढी वर्षं ज्या गोष्टीची घराला लाज वाटत होती, तीच आज जावईबापूंना सोन्यासारखी वाटत होती. भर दुपारी असा मिट्ट काळोख त्यांच्या ओळखीत दुसऱ्या कुणाकडेच नव्हता. दिव्याचं बटण बाहेर होतं आणि दिसेल ते बटण दाबून बघायची सासऱ्यांना खोड होती, म्हणून बल्ब आधीच काढून त्यांनी खिशात टाकला होता.

बायकोने स्वतः रचलेल्या गाण्याचा व्हिडिओ फोनवर न काढता किल्ली देऊन चालणाऱ्या जुन्या कॅमेऱ्याने, खऱ्या फिल्मवर काढायचा किडा त्यांच्या डोक्यात वळवळला होता. बायको लाजाळू. "गच्चीवर एकदाच गाईन," तिने बजावलं होतं. "बिघडलं तर मला परत विचारायचं नाही." शिवाय तिच्या वडिलांनी मागे एकदा गाणं ऐकून, "याला चाल आहे का काही?" एवढंच म्हटलं होतं. तेव्हापासून ती घरात गुणगुणतही नसे. आता गच्चीवरच्या गाण्याची ती अख्खी दुपार एका रिळात होती, आणि रीळ जावईबापूंच्या हातात. त्याला उजेड लागला की सगळं मुसळ केरात!

त्यांनी अंधारात चाचपडत रीळ उलगडून बादलीत बुडवलं. बादलीत कॉफी, धुण्याचा सोडा आणि व्हिटॅमिन सी. या मिश्रणात चित्र उमटतं, हे खरं आहे. आणि त्याचा वास नुकत्याच उपसलेल्या गटारासारखा येतो, हेही खरं आहे. घड्याळ दिसणार नव्हतं, म्हणून वेळ मोजायला त्यांनी सोपी युक्ती काढली होती. तेच गाणं सहा वेळा म्हणायचं आणि तोवर ढवळत राहायचं. फक्त जावईबापूंचा गळा त्यांच्या हातासारखा कसबी नव्हता.

तेवढ्यात सासरे फिरून आले. पायातल्या चपला न काढताच तडक बाथरूमकडे निघाले.

"अहो, थांबा! जावईबापू आत आहेत."

"कधीपासून?"

"बराच वेळ झाला. आणि ऐकलंत का, कण्हताहेत हो."

सासऱ्यांनी दाराला कान लावला. आतून "उं... उंऽऽ... उं..." असं येत होतं. मग वासही आला.

"अरे देवा! काय खाऊ घातलंस तू?"

"मी? सकाळपासून चहाच्या घोटाशिवाय काही घेतलं नाही त्यांनी!" सासूबाईंचा चेहरा उतरला. "जावईबापू, बरं वाटत नाहीये का?"

आत गाण्याची चौथी फेरी चालू होती. मध्ये बोललं तर मोजणी चुकणार. जावईबापूंनी आणखी मोठ्याने "उंऽऽ" केलं.

"बोलवतसुद्धा नाही हो त्यांना!" सासूबाईंनी वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांना हाक मारली. डॉक्टर आले, त्यांनी वास घेतला आणि दोन पावलं मागे सरले.

"आत चक्कर येऊन पडले तर पंचाईत होईल. दार उघडा."

सासऱ्यांना तेच हवं होतं. जावयाची काळजी होतीच, पण स्वतःचीही परिस्थिती फार काळ थांबण्यासारखी नव्हती. त्यांनी खांदा लावला. मोडकी कडी एका धक्क्यात निघाली आणि तिघंही एकमेकांवर आदळत आत आले.

"उजेड!" जावईबापूंनी किंकाळी फोडून बादलीवर झडप घातली. "दार लावा! दार लावा आधी!"

सासऱ्यांची सगळी नोकरी नाट्यगृहाच्या दारावर गेली होती. दिवे गेले, खेळ सुरू झाला की दार लावायचं, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं. हुकूम कानावर पडताच त्यांनी चटकन दार लावलं, फटीत टॉवेल सरकवला आणि पाठ टेकून उभे राहिले. स्वतः आत, बायको आत, डॉक्टर आत.

 काळोखातच जावईबापूंनी रडवेल्या आवाजात सगळं सांगितलं.

"म्हणजे पोट ठीक आहे?" डॉक्टर म्हणाले.

"पोटाचं काय घेऊन बसलात! तुमच्या लेकीचं गाणं आहे यात, बाबा. आणि आता मी कितव्या फेरीत होतो तेच आठवत नाही."

"म्हणजे मघाशी ते गाणं होतं?" सासऱ्यांना राहवेना. "अहो, काय वाट लावलीत तिच्या चालीची! सरका, मी म्हणतो. शेवटच्या दोन फेऱ्या राहिल्या असतील."

"तुम्हाला येतं?"

"दारावर उभं राहून आयुष्यभर गाणीच ऐकली. आपल्या घरातलं येणार नाही?"

आणि पाय आवळून धरत ते गाऊ लागले. "उन्हाला सांग, जिन्यात बस जरा, मी केस वाळवून येते..." चाल अचूक, शब्द अचूक. सासूबाईंनी पदर खोचला, बादली आपल्याकडे ओढली आणि जन्मभर धुणं धुतलेल्या हाताने तालात ढवळू लागल्या. डॉक्टरांनी भिंतीवर ठेका धरला. मग जावईबापूंनी रीळ दुसऱ्या बादलीतल्या, चित्र पक्कं करणाऱ्या औषधात टाकलं, तेव्हाही पुन्हा पहिल्यापासून गाणं झालं.

"हं, आता उघडा."

दार उघडलं. समोर बायको उभी होती. ती कधी आली, किती ऐकलं, कुणाला ठाऊक. तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती.

जावईबापूंनी थेंब गळणारी फिल्म उजेडात धरली. गच्ची होती, ती होती, वाऱ्यावर उडणारे केस होते. मधे थोडा भाग मात्र साफ जळला होता. तिघं आत आदळले होते ना, तेव्हाच्या उजेडाने.

"एवढं गेलं," ते ओशाळून म्हणाले. "तेवढ्यापुरतं तू परत..."

तिने ऐकलंच नाही. "बाबा," ती म्हणाली, "चाल आहे म्हणा की गाण्याला."

"ते नंतर बघू!" सासरे ओरडले. "आधी सगळे बाहेर व्हा!"

सगळे बाहेर आले. दार लागलं. बल्ब अजून जावईबापूंच्या खिशातच होता, पण आतून तक्रार आली नाही. काही वेळाने आतून दुसरं कडवं सुरू झालं, अगदी निवांत.

बायकोने कान देऊन ऐकलं. मग जावईबापूंच्या हाताला धरून गच्चीकडे ओढत म्हणाली, "चल, ऊन आहे तोवर. जळलंय तेवढं परत गाते."