परब काकांच्या टाळ्या

आमच्या शेजारच्या घरातून दिवसभर टाळ्या ऐकू येतात. मुलुंडच्या या बिल्डिंगीत नवीन आलो तेव्हा बायकोला वाटलं, भजनी मंडळ असेल. मला वाटलं, हास्यक्लब. पण ना अभंग, ना हसणं. नुसती एक सणसणीत टाळी आणि पाठोपाठ आरोळी, "गेला! पुढचा कोण?"

हे परब काका. कुंड्यांतल्या मातीतून उठणाऱ्या बारीक चिलटांशी त्यांचं वैर आहे.

काकांनी उभा जन्म एका वकिलाकडे कारकुनी केली, तीही घरमालक-भाडेकरूंच्या दाव्यांत. त्यामुळे चिलट त्यांच्या लेखी किडा नाही, पागडी न देता घुसलेला भाडेकरू. टाळी मारली की तळहात समोरच्याच्या नाकाला लावणार आणि म्हणणार, "पुरावा!" मी एकदा "काही दिसत नाही" म्हणालो, तर आतून भिंग घेऊन आले.

सोसायटीची मीटिंग त्यांच्या हॉलमध्ये भरली होती. सेक्रेटरी लिफ्टचा खर्च वाचत असताना काकांनी त्यांच्या टकलाजवळ टाळी हाणली. लोकांना वाटलं, ठरावाला पाठिंबा. सगळ्यांनीच वाजवल्या. वर्षानुवर्षं अडलेली लिफ्ट मंजूर झाली.

उपाय काय कमी केले? कापूर झाला, वाटीत व्हिनेगर झालं. पिवळ्या पुठ्ठ्याला एरंडेल फासून कुंडीत खोचलं. त्याला चिलटं कमी आणि काकांचा सदराच जास्त चिकटला.

पुढे चिलटं आमच्या चहात पडायला लागली. बायको म्हणाली, "तुझ्या त्या बी.एस्सी.ला विचार ना काहीतरी. बॉटनीच होती ना?"

आमच्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. चहातल्या चिलटावरून कोणी माझी डिग्री काढावी, हे मला चालत नाही. चहा तसाच ठेवून काकांकडे गेलो.

"काका, हवेत मारून काय होणार? अंडी ओल्या मातीत असतात. पाणी बंद करा, वरची माती सुकू द्या. वाट लागेल सगळ्यांची."

"हळू बोल रे," काका आतल्या खोलीकडे बघत म्हणाले. "पाणी बंद होणार नाही. दुसरा उपाय सांग."

"दुसरा नाहीच."

"मग तुझी बी.एस्सी. कच्ची."

हे लागलं. मी तरातरा खिडकीशी गेलो आणि ग्रिलमधल्या तुळशीच्या कुंडीत बोट खुपसलं. नुसता चिखल. खालची बशी काठोकाठ. "काका, तुळस लावलीय की भात? मुळं कुजतील!"

तेवढ्यात परब काकी तांब्या घेऊन आल्या. "अगोबाई, तुळशीला पाणी घालायचं राह्यलं बघा. त्याआधी चहा कसा घ्यायचा?"

घड्याळात संध्याकाळचे पाच वाजत होते. काकींनी तांब्या रिकामा केला, हात जोडले. पाणी बशीतून लादीवर आलं.

मी तोंड उघडलं, "अहो काकी, आधीच—"

काकांनी माझ्या तोंडासमोर अशी टाळी मारली की माझे दात वाजले.

"चिलट होतं," म्हणाले. तळहात मात्र दाखवला नाही.

"काय हे, पाहुण्याच्या तोंडावर!" काकी हसल्या. "कोण हो हे?"

"शेजारचा गो. बी.एस्सी. आहे."

मी काकींच्या हातचा चहा गेली कित्येक वर्षं पितोय.

"हो का? हुशार दिसतोच. बस हां बाळा, चहा टाकते," म्हणत त्या आत गेल्या. काकांनी बशी उचलून बेसिनमध्ये ओतली, परत जागेवर ठेवली, लादी पुसायला बसले.

"एकदा बोललो तिला, 'घातलंस गो मघाशी.' तर दिवसभर कोपऱ्यात बसून होती, जेवली पण नाही," ते खाली बघत म्हणाले. "तुळस कुजली की मी तसलीच दुसरी आणून लावतो. तिला कळत नाही." मग फडकं पिळत म्हणाले, "तुझं बरोबर आहे रे. बी.एस्सी. पक्की आहे तुझी."

आत भांडी वाजत होती. ती थांबली. काकी दारात आल्या, हातात भरलेला तांब्या.

"अगोबाई, तुळशीला पाणी घालायचं राह्यलं बघा."

"घाल गो," म्हणत काका बाजूला सरकले.

पाणी पडताच मातीतून एक चिलट उडालं. या वेळी टाळी मी मारली.

"गेला?" काकांनी विचारलं.

मी तळहात त्यांच्या नाकाशी धरला.