चौथी पास डोंगर

शाळेचा पट दहाच्या खाली गेला म्हणून खैरवाडीच्या भोरड्या डोंगराचं नाव आम्ही गेल्या वर्षी चौथीत घातलं. पहिलीत घालता आलं असतं, पण प्रवेश वयाप्रमाणे द्यायचा असतो आणि आमची शाळा चौथीपर्यंतच आहे.

शाळा समितीचा अध्यक्ष मी. माझी हिरू दुसरीत. शाळा बंद पडली तर तिला ओढ्यापलीकडे लांब जावं लागणार होतं, आणि आमच्या आईने निकाल देऊन टाकला होता, "मंग पोरीला शेळ्यांमागं धाडा." मला झोप लागत नसे.

भोरडा खिडकीबाहेर बसायचा. चुळबुळ फार. पाढे म्हणताना डुलायचा आणि शाळेची कौलं सरकायची. तपासणीला आलेल्या साहेबांनी त्याला भागाकार घातला, तो त्याने बाकीसकट बरोबर सोडवला. शाळेला वरची श्रेणी मिळाली. मी मात्र हिशेब केला: हा पास होऊन गेला की पट पुन्हा दहाच्या खाली.

"बाई, ह्याला आणखी एक वरीस चौथीतच ठिवा की," मी भांगरे बाईंना म्हणालो.

"कसं ठेवू, दादा? पास झालाय तो. हुशार पोरगं आहे."

जूनमध्ये भोरडा पाचवीसाठी तालुक्याच्या वसतिगृहात गेला. तो उठला तेव्हा त्याच्यामागे दडलेला एक पाडा दिसू लागला. तिथल्या मुलांना आजवर डोंगराला वळसा पडायचा, म्हणून कुणी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. आता ती सरळ चालत आली. पट कधी नव्हता एवढा झाला. गाव खूश होतं. मी मात्र रोज उजाडताच त्या मोकळ्या जागेकडे बघून यायचो.

श्रावणातल्या एका सकाळी भोरडा जागेवर होता. वसतिगृहातून पळून आला होता. पाऊस नव्हता, तरी अंगावरून पाणी वाहत होतं.

"काका, करमत न्हाई तिथं," तो म्हणाला. "आमटी पातळ असती. समदे म्हनत्यात, सरक. कुठं सरकू?"

त्याच्या पलीकडून पाड्यावरच्या पोरांच्या हाका ऐकू येत होत्या. वाट बंद झाली होती.

मला फार वाईट वाटलं. लहानपणी मी ह्याच्याच अंगाखांद्यावर खेळलो होतो. आज तो मला काका म्हणत होता.

"ऊठ," मी म्हणालो. "दिवाळीला ये."

"आजच्या दिस राहतो."

"आज शाळा हाय."

तो उठला. एसटीत घेईनात, म्हणून चालतच निघाला. मी फाट्यापर्यंत पोचवायला गेलो. पुढे वळणापर्यंत तो मागे वळून बघत होता. तोवर पलीकडची पोरं पळत शाळेत पोचली होती आणि बाईंनी हजेरी घ्यायला सुरुवात केली होती.