नानांचा डावा हात

आमच्या भुसावळच्या रेल्वे कॉलनीतले गार्डनाना उजव्या हाताने जेवतात, उजव्या हाताने सही करतात, उजव्याच हाताने रिक्षावाल्याला दम देतात. कॉलनीच्या हॉलमध्ये टेबल टेनिस मात्र डाव्या हाताने खेळतात आणि रोज हरतात.

हरणं तरी कसलं? सर्व्हिस करताना चेंडू वर उडवतात आणि बॅटची त्याच्याशी गाठच पडत नाही. पडलीच, तर चेंडू थेट कॅरमवाल्यांच्या पावडरीत. नाना शांतपणे म्हणतात, "व्हयी, व्हयी. घाई काय शे?" मूळचे साक्रीकडचे, सारी नोकरी मालगाडीच्या शेवटच्या डब्यात काढली. घाई कशाशी खातात, त्यांना ठाऊक नाही.

पण हेच नाना एके काळी या हॉलचे गुरुजी होते. उजव्या हाताचा त्यांचा फोरहँड बघायला पार्सल ऑफिसातली माणसं काम टाकून यायची. खेळ ते एका कव्हर फाटलेल्या पुस्तकातून शिकले होते आणि आम्हालाही त्यातूनच शिकवायचे. "पुस्तकमा जसं शे, तसंच!" कोपर जरा लांब गेलं, की हॉलला एक फेरी. आम्ही दहा-बारा जण इतके सारखे खेळायचो, की जळगावच्या स्पर्धेत समोरच्याने आमच्यातल्या पहिल्याला हरवलं आणि बाकीच्यांना त्याच युक्तीने एकामागून एक घरी पाठवलं.

वेगळी होती ती एकटी वंदना, नानांची मुलगी. डावखुरी. मनगट असं काही फिरवायची, की चेंडू टेबलावर पडून भलतीकडेच पळायचा. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. नानांनी पुस्तक उघडून दाखवलं, चित्रातला माणूस उजव्या हाताने खेळत होता. "मग डावखुऱ्यांनी आरशात बघून शिकायचं का, नाना?" असं मी विचारलं आणि दोन फेऱ्या मारून आलो.

नानांनी तिचा डावा हात कमरेला बांधायला सुरुवात केली. हॉलमध्ये, मग घरीसुद्धा. पहिल्या दिवशी रुमालाच्या गाठीवर बोट मीच धरलं होतं, आणि हसलोही होतो. त्याची मला आजही लाज वाटते. वर्षभरात वंदना उजव्या हाताने सुबक खेळू लागली, अगदी आमच्यासारखी. दहावीनंतर तिने बॅट कपाटावर ठेवली, ती ठेवलीच.

निवृत्तीनंतर नानांनी डाव्या हातात बॅट धरली. का, ते एकदा चहा पिता पिता त्यांनी मला सांगितलं. "तिले टेबल कसं दिखे, ते देखी ऱ्हायनू. मी तिन्हा खेय मारी टाका, भाऊ." तिचा खेळ आपणच मारला, हे ते पहिल्यांदाच बोलले.

वंदना आता धुळ्याला नर्स आहे. या दिवाळीत ती दोन दिवस आली. दर वेळी नाना तिला "एक डाव खेळू" म्हणायचे आणि ती टाळायची. या वेळी का कोण जाणे, ती हो म्हणाली. नानांनी नवी बॅट आणली. कॅरमवाल्यांनीही खेळ थांबवला.

"डावा हातमा ले, पोरी," नाना म्हणाले. "पुस्तक गयं चुल्हामा."

तिने डाव्या हातात बॅट घेतली. पहिली सर्व्हिस जाळ्यात गेली. दुसऱ्या वेळी चेंडूला बॅट लागलीच नाही. तिसऱ्या वेळीही नाही. ती हसली. "सवयच गेली हो, नाना. इंजेक्शनसुद्धा उजव्यानंच देते मी." आणि तिने बॅट उजव्या हातात घेतली.

मग ती छान खेळली. नानांना तिने सहज हरवलं. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"किती वर्षांनी मजा आली!" घाम पुसत ती म्हणाली. तिच्या मनात काही नव्हतं, हे मला दिसत होतं. नानांनी मान डोलावली आणि चेंडू शोधायला ते टेबलाखाली वाकले. बराच वेळ वर आले नाहीत.

चेंडू माझ्या हातात होता.