चार बोटं खाली

रस्ते विभागाच्या गतिरोधक कक्षाचे प्रमुख असलेल्या साहेबांनी पन्नाशी उलटल्यावर एक छोटी स्पोर्ट्स कार घ्यायचं ठरवलं. यात नियमबाह्य असं काही नव्हतं. माणसाने आयुष्यभर इतरांचा वेग कमी करावा आणि उतारवयात थोडा स्वतःसाठी राखून ठेवावा, एवढीच त्यामागची माफक भूमिका होती.

शहरातला एकूण एक स्पीडब्रेकर साहेबांच्या सहीने जन्माला आला होता. स्पीडब्रेकरच्या उंचीचा एक नियम होता. पण नियमाच्या उंचीचा स्पीडब्रेकर केला, की तो दिसतच नाही अशी तक्रार यायची. म्हणून साहेब जनभावनेचा आदर राखून तो जरा चढवून घेत. शिवाय एका गल्लीला मिळाला की शेजारच्या गल्लीचा अपमान होई. मग तिलाही द्यावा लागे. खात्यात लोक त्यांना पाठीमागे ‘उंटसाहेब’ म्हणत. साहेबांना हे ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

शोरूममध्ये त्यांच्याबरोबर बायको आणि मेहुणा होते. साहेबांची बायको प्राथमिक शाळेत शिकवायची, त्यामुळे शाळेत, शेजारात आणि हळूहळू घरातही त्यांना सगळे ‘बाई’च म्हणत. मेहुणा हा बाईंचा धाकटा भाऊ. त्याचा गाड्यांचा अभ्यास दांडगा होता. स्वतःची गाडी नसल्यामुळे त्याचं मत निःपक्षपातीही होतं.

“साधी देऊ, की परफॉर्मन्स पॅकेजवाली?” विक्रेत्याने विचारलं.

“पॅकेज घेतलं की गाडी जास्त पळते का?” बाईंनी विचारलं.

“नाही मॅडम. इंजिन तेच.”

“मग?”

“जास्त जाणवते.”

“काय जाणवतं?”

“रस्ता.”

“रस्ता जाणवू नये म्हणूनच तर माणूस गाडी घेतो ना?”

विक्रेता सहानुभूतीने हसला. पॅकेजमध्ये काय काय येतं, ते त्याने साहेबांकडे तोंड करून सांगितलं. सस्पेन्शन कडक होतं. गाडी चार बोटं खाली बसते. टायर रुंद येतात, ब्रेक मोठे येतात आणि ते चाकांतून दिसावेत म्हणून लाल रंगवलेले असतात. सायलेन्सरमधून घसा खाकरल्यासारखा एक आवाज येतो. सीट अशी, की माणूस एकदा बसला की हलत नाही.

“आणि उठायचं कसं?” बाई.

“त्याची सवय होते मॅडम.”

“म्हणजे जास्त पैसे मोजून कमी आराम.”

“आरामाचं पॅकेज वेगळं आहे. पण दोन्ही एकत्र घेता येत नाहीत.”

साहेब घुटमळले. तेव्हा मेहुण्याने त्यांना बाजूला घेतलं. “भावोजी, पॅकेजशिवाय ही गाडी घेणं म्हणजे नुसती गाडी घेणं.”

हा मुद्दा साहेबांना बिनतोड वाटला. तरी त्यांनी एक शंका विचारली, की हे सगळं बाहेरून कुणी मिस्त्री बसवतो की काय? विक्रेत्याने कानाला हात लावला. सगळं थेट कारखान्यातून बसवून येतं, म्हणाला. साहेबांचा जीव भांड्यात पडला. कारखान्यातून म्हणजे सक्षम प्राधिकाऱ्याच्या मान्यतेने, असं त्यांच्या मनाने लगेच भाषांतर करून घेतलं. जी गोष्ट वरून मंजूर होऊन येते ती गैरसोयीची असू शकते, पण चुकीची नसते, यावर त्यांची पूर्ण नोकरी उभी होती.

गाडी आली. लाल होती. साहेब सीटमध्ये उतरले, म्हणजे अक्षरशः विहिरीत उतरावं तसे उतरले, आणि पहिल्या वळणापर्यंत इतके खूष होते की त्यांना आपलं वय आठवेना. वळणापलीकडे पहिला स्पीडब्रेकर होता.

गाडीच्या पोटाखालून, लोखंडी कपाट फरशीवरून ओढावं तसा आवाज आला. साहेब खाली उतरले. वाकून त्यांनी तो उंचवटा पाहिला. स्वतःची निर्मिती त्यांनी इतक्या खालून कधी पाहिली नव्हती. काम चोख होतं. डांबर कुठे खचलेलं नव्हतं, कडा शाबूत होत्या. साहेबांना एकाच वेळी कामाचा अभिमान वाटला आणि गाडीची कीव आली.

“तिरकी घ्या भावोजी,” शेजारच्या सीटवरून मेहुणा ओरडला. “एकेक चाक चढवायचं. या गाड्या अशाच चालवतात.”

तेव्हापासून साहेबांचा ऑफिसचा प्रवास तिरका होऊ लागला. स्पीडब्रेकर आला की ते गाडी आडवी करत, अख्खा रस्ता अडवत, आणि श्वास रोखून एकेक चाक वर घेत. मागे हॉर्नचा कल्लोळ होई. एकदा काठी टेकत चाललेले एक आजोबा त्यांना ओलांडून पुढे गेले आणि पुढे जाऊन, काही मदत हवी का म्हणून, परत आले. साहेबांनी मान हलवून नकार दिला. त्यांचं सगळं लक्ष रस्ता जाणवण्याकडे होतं.

पाठ धरली तेव्हा त्यांनी कनिष्ठ अभियंत्याला बोलावलं.

“समजा, एखादा गतिरोधक काढायचा झाला, तर प्रक्रिया काय?”

कनिष्ठ अभियंत्याने नियमांची फाईल चाळून पाहिली. “काढायची प्रक्रिया नाही साहेब. आपण फक्त बसवतो.”

“आजवर कुणीच काढा म्हणालं नाही?”

“जो काढा म्हणेल तो मुलाबाळांच्या जिवावर उठला असं होतं ना साहेब. कोण म्हणेल?”

साहेबांची त्या रात्री झोप उडाली. त्यांनी नोकरीत कधी कुणाचा चहासुद्धा मिंधेपणाने घेतला नव्हता. स्वतःच्या गाडीसाठी सरकारी उंचवटा हटवणं त्यांच्याने होण्यासारखं नव्हतं. सकाळी मात्र त्यांना मार्ग दिसला. हटवायचा नाहीच. सौम्य करायचा. गतिरोधकांमुळे नागरिकांच्या मणक्यांवर येणारा ताण ही तर सार्वजनिक आरोग्याची बाब होती, आणि आपलाच मणका दुखेपर्यंत ती आपल्या ध्यानात आली नाही याची त्यांना खरोखर लाज वाटली. ‘गतिरोधक सौम्यीकरण’ हा शब्द सुचला तेव्हा तर त्यांना आपण काही चूक करत नाही याची खात्रीच पटली. इतका भारदस्त शब्द चुकीच्या कामासाठी असूच शकत नाही.

योजना एकाच मार्गावर, प्रायोगिक तत्त्वावर राबवायची ठरली. मार्गाच्या निवडीत कुणाचा पक्षपात होऊ नये, म्हणून साहेबांनी तो स्वतः निवडला. तो त्यांच्या घरापासून ऑफिसपर्यंत होता.

यंत्र आलं, उंचवटे खरवडले गेले, रस्ता तळहातासारखा झाला. लोक खूष झाले. इतके खूष झाले, की सगळे त्याच रस्त्याने आणि भरधाव जाऊ लागले. मग आसपासच्या रस्त्यांवरची मंडळी साहेबांकडे आली. त्यांचं म्हणणं रास्त होतं. तुमच्या सौम्य रस्त्यावर वेग घेतलेल्या गाड्या आमच्याकडे येऊन आदळतात, तेव्हा आमचे स्पीडब्रेकर वाढवून द्या. साहेबांनी दिले. रुग्णालयाच्या रस्त्यावर तर, शांतता क्षेत्र असल्यामुळे, ओळीने दिले आणि सगळ्यात उंच दिले. एका रस्त्यावरचं डांबर दुसऱ्या रस्त्यांवर गेलं. खात्याच्या दृष्टीने हिशेब जुळला.

घरी मात्र जुळला नाही. सौम्य झालेल्या रस्त्यावरच बाईंची शाळा होती.

“शाळेसमोरचा का काढलात?” बाईंनी जेवताना विचारलं.

“काढला नाही. सौम्य केला.”

“मुलांना काय सांगू? सौम्यपणे पळा?”

“अगं, प्रायोगिक आहे. बघू तर खरं काय होतं.”

“काय होतं ते बघायला मुलं वापरायची?”

साहेब भात चिवडत राहिले. त्यांना बाईंचं म्हणणं पटत होतं, आणि पटत असलेल्या गोष्टीवर कार्यवाही कशी करायची याची प्रक्रिया त्यांना माहीत नव्हती.

बाईंनी पुन्हा विषय काढला नाही. शाळा सुटायच्या वेळी त्या स्वतः रस्त्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहू लागल्या. डावा हात आडवा धरायचा, गाड्या थांबल्या की उजव्या हाताने मुलांना बोलवायचं. साहेबांनी हे एकदा लांबून पाहिलं. ऑफिसात जाऊन त्यांनी योजनेच्या प्रगती अहवालात ‘उत्स्फूर्त लोकसहभाग’ अशी नोंद केली.

अशाच एका दुपारी तो हात आडवा असताना एक मोटारसायकल आली आणि थांबली नाही. मुलं मागे होती, ती वाचली. बाई गिरकी घेऊन रस्त्यावर बसल्या. मोटारसायकलवाला भला माणूस होता. तो परत आला, काकुळतीला आला. “माफ करा हो बाई. रस्ता इतका सुंदर झालाय ना, वेग कळलाच नाही.”

साहेबांना फोन गेला. ते निघाले आणि सौम्य रस्त्यामुळे बघता बघता पोचले. ब्रेक लागले तेव्हा गाडी जागच्या जागी उभी राहिली. त्या तशा क्षणीही, ब्रेक फार छान आहेत, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. बाईंचा हात मनगटापाशी भलतीकडेच वळला होता. शाळेच्या शिपाईबाईंनी तो ओढणीने गळ्यात बांधून दिला.

“बस लवकर,” साहेब म्हणाले.

“या सीटमध्ये बसायला दोन हात लागतात,” बाई म्हणाल्या. तरी बसल्या.

रुग्णालयाच्या रस्त्याला गाडी लागली आणि पहिला उंचवटा आला. साहेबांनी गाडी तिरकी केली, जीव मुठीत धरून एकेक चाक चढवलं. कडक सस्पेन्शनमधून रस्ता जाणवला. तो बाईंना हातात जाणवला. त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले. दुसऱ्या उंचवट्याला त्यांच्या तोंडून आवाज निघाला. साहेबांच्या कपाळावर घाम आला. पुढे रांगेने उंचवटे दिसत होते, एकापेक्षा एक सुबक.

“अहो, थांबवा. मी चालत जाते.”

“अगं, आलंच की आता.”

“आलंय ना? मग चालतच जाते.”

त्या एका हाताने दाराला धरून, सीटशी झगडून बाहेर पडल्या आणि कडेकडेने चालू लागल्या. साहेब खिडकीतून त्यांच्या पाठीकडे बघत, गाडी आडवी करत, त्यांच्या मागे मागे येत राहिले. पण अंतर वाढतच गेलं. बाई फाटकातून आत दिसेनाशा झाल्या, तेव्हा ते घाईला आले आणि फाटकासमोरचा शेवटचा उंचवटा त्यांनी सरळ घेतला.

गाडी पोटावर टेकली. पुढची चाकं अधांतरी, मागची नुसती जागच्या जागी फिरत राहिली. सायलेन्सर घसा खाकरत होता.

पाहता पाहता माणसं जमली. रुग्णांचे नातेवाईक आले, पहारेकरी आला, औषधांच्या दुकानातला माणूस गल्ला उघडा टाकून आला. कुणी वाकून खाली पाहिलं, कुणी फोटो काढले. हाडांचे एक तरुण डॉक्टर आतून धावत आले. साहेबांना वाटलं आपल्याला शोधत आले. डॉक्टर गुडघ्यावर बसले आणि चाकाच्या फटीतून आत बघू लागले.

“लाल ब्रेक! म्हणजे पॅकेजवाली ना?”

“हो,” साहेब म्हणाले.

“कारखान्यातून?”

“कारखान्यातून.”

“मीही बघतोय हीच. सगळे म्हणतात पॅकेज घेच. तुम्ही तर वापरताय. खरं सांगा, घेण्यासारखं आहे का?”

गर्दी जवळ सरकली. साहेबांना एकदम रडू येईल असं वाटलं. सांगावंसं वाटलं, की नका घेऊ. की जिला हे आधीच कळलं होतं ती आता आत एकटी बसली असेल. त्यांनी तोंड उघडलं. पण सगळे त्यांच्याकडे अशा आदराने बघत होते, जसं खात्यात त्यांच्याकडे कधी कुणी पाहिलं नव्हतं.

“बिनधास्त घ्या,” साहेब म्हणाले. “रस्ता जाणवतो.”

मग पंधरावीस माणसांनी जोर लावला, पहारेकऱ्याने फळ्या आणल्या, डॉक्टरांनी सूचना दिल्या आणि बऱ्याच खटपटीनंतर गाडी सुटली. टाळ्या झाल्या. खालून किती घासली, तेल गळतंय का, याची सर्वांनी आस्थेने पाहणी केली.

एवढ्या वेळात बाईंचा हात कसा आहे, हे मात्र तिथे कुणीही विचारलं नाही. त्या माणसांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. गाडी निघते की नाही, याची वाट तर तुम्हीही बघत होतात.