काशीबाईच्या खळ्यातली कोळसा खाण

पालघर तालुक्यात जमिनीखाली कोळसा नाही. शिरगावच्या अलीकडे आमच्या वाडीत मात्र एक नोंदणीकृत कोळसा खाण आहे. ती काशीबाईच्या खळ्यात आहे, म्हणजे जिथे ती बांबूंवर बोंबील टांगून सुकवते त्या जागेत. वाडीचा सगळा उत्कर्ष या खाणीमुळे झाला, हे आधीच नम्रपणे नमूद करतो.

झाले असे. गेल्या आश्विनात एका बार्जमधला कोळसा समुद्रात सांडला आणि भरतीबरोबर आमच्या किनाऱ्याला लागला. काशीबाईने पाट्या भरभरून तो आणला, खळ्यात वाळत घातला आणि सवयीप्रमाणे वाटे लावले : मोठा, मधला, बारीक. मासळी असो की कोळसा, वाटे लावल्याशिवाय तिच्या हाताला चैन पडत नाही. दुसऱ्याच दिवशी खनिज तपासणीचे साहेब आले. प्रतवारी केलेले साठे पाहून त्यांनी खाण चालू स्थितीत असल्याचा निष्कर्ष काढला.

"सायेब, यो दर्यान टाकलाय," काशीबाई म्हणाली. "आमी फक्त वालवला."

साहेबांनी फॉर्म उलटसुलट पाहिला. कोळशाच्या उगमाला दोनच पर्याय होते, आयात आणि खाण. आयातीची कागदपत्रे तिच्याकडे नव्हती.

मग नियम भराभर लागू झाले. खाण म्हणजे धोक्याचे क्षेत्र, म्हणून कुंपण आले. धोक्याच्या क्षेत्रात खाद्यपदार्थ चालत नाहीत, म्हणून ऐन हंगामात बोंबील उतरले. काशीबाईला पिवळे हेल्मेट मिळाले. वाडी खाणबाधित ठरल्याने बाधितांच्या निधीतून आम्हालाही मिळाले : मारुतीच्या देवळापुढे पत्र्याचा मंडप, कर्णे आणि लाल सतरंज्या. भजनी मंडळाचे अध्यक्ष नामदेवदादा म्हणाले, आता कीर्तन पार माहीम गावापर्यंत ऐकू जाईल.

काशीबाईने महिन्याभरात सगळा कोळसा चुलीत घातला आणि खाण बंद करा, असा अर्ज दिला. खाण बंद करताना खड्डा बुजवणे बंधनकारक असते, असे उत्तर आले. खड्डा नव्हता. तेव्हा कार्यालयाने यंत्र पाठवून, बुजवण्यासाठी म्हणून, खळ्यात खड्डा खणला. त्यानंतर कळवण्यात आले की बुजवायला ग्रामस्थांच्या सह्या लागतील, कारण खाण गेली की वाडी बाधित राहत नाही आणि मंडप, सतरंज्या परत कराव्या लागतात.

सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी काशीबाई कागद घेऊन मंडपात आली. बुवा त्या दिवशी कीर्तनात विलक्षण रंगले होते. एका राजाने म्हातारीची झोपडी पाडून तिथे देऊळ बांधले. देव काही त्या देवळात आला नाही, म्हातारीशेजारी उघड्यावर बसून राहिला. मृदंग थांबला तेव्हा अख्खा मंडप डोळे पुसत होता. इतके सच्चे रडणे मी बऱ्याच वर्षांत पाहिले नव्हते.

तेवढ्यात कागद फिरू लागला.

"वयनी, आज सांगता हाय," नामदेवदादा ओल्या आवाजात म्हणाले. "असला इषय आज नको."

कागद शेवटच्या रांगेपर्यंत जाऊन परत आला. सही एकही नव्हती. दोन ठिकाणी आसवांनी ओला झाला होता, एवढेच. पेन माझ्याही खिशात होते, पण हातात टाळ होते.

काशीबाईने कागदाची घडी घातली.

"बुवा," तिने विचारले, "मंग आज देव कुठं बसलाय?"

आम्ही कौतुकाने हसलो. बाई भोळी आहे. ती निघून आपल्या खड्ड्याच्या काठावर जाऊन बसली आणि आम्ही आरतीला उभे राहिलो.

तुम्हीही हसलात ना? मग बसल्या जागी जरा खाली हात लावून पाहा. सतरंजी मऊ आहे.