टिटवीचं कुंपण

"मागताना मुलांसाठी मागू नकोस, ग्लेनिस. मुलं काय, सगळ्यांच्याच घरात असतात. त्यांचं कुणाला कौतुक?"

वॉराबिनच्या फूटी, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल, क्लबाच्या आधीच्या सचिव जॉइसबाईंनी ग्लेनिससाठी खुर्ची सोडताना एवढंच सांगितलं होतं. ग्लेनिस तेव्हा नुसती हसली होती. तिला वाटलं, बाई थकल्यात.

सार्वजनिक मैदानाची सर्वांत जास्त हानी त्यावर खेळणाऱ्यांमुळे होते, हे सत्य मात्र वॉराबिन नगरपालिकेला फार पूर्वीच उमगलं होतं. पाऊस मैदान भिजवतो, ऊन वाळवतं, पण दोघंही तक्रार न करता निघून जातात. खेळणारा दर शनिवारी परत येतो, आणि वर नळाला पाणी का नाही म्हणून विचारतो. म्हणून अंदाजपत्रकात मैदानासाठी अशी तरतूद असे की तीत निम्मं गवत कापून व्हावं. (कोणतं निम्मं, हे ठरवायला सल्लागार नेमला होता. दुसऱ्या निम्म्याचे पैसे त्याला दिले.) उरलेला खर्च क्लबाने सामन्याच्या दिवशी पावात गुंडाळून सॉसेज विकून आणि मटणाच्या ताटाची सोडत काढून भागवावा, असा दोन्ही पक्षांत न बोलता झालेला समझोता होता. ग्लेनिसने तो नेमाने पाळला. कांदे परतता परतता तिच्या हातून एका पिढीचं क्रीडाकल्याण झालं.

अशात जुलै महिन्यात एका टिटवीने मैदानाच्या बरोब्बर मधल्या वर्तुळात चार अंडी घातली.

टिटवीसाठी नगरपालिकेत वेगळा निधी होता. सोमवारी अंडी दिसली आणि बुधवारपर्यंत मैदानावर पुढील वस्तू हजर झाल्या: हिरव्या जाळीचं कुंपण आणि त्याचे हलके खांब, नारिंगी कोन, 'शांतता राखा' असे दोन फलक, उन्हावर चालणारा दिवा, आणि दिवा चालतो की नाही हे पाहायला एक कॅमेरा. (मुलींच्या कपडे बदलायच्या खोलीला कडी हवी, ही विनंती त्याच कचेरीत होती. ती विचाराधीन होती, आणि चांगल्या विचारांना वेळ लागतोच.) ग्लेनिसला मनापासून बरं वाटलं. इतकी माया त्या मैदानाच्या वाट्याला कधी आली नव्हती.

नागरिकांचं मतही मागवण्यात आलं. सत्त्याण्णव टक्के लोकांनी टिटवी वाचलीच पाहिजे असं कळवलं. उरलेल्या तिघांनी, मैदान नक्की कुठे आहे, असं विचारलं.

अडचण एकच होती, आणि तीही लहान, म्हणजे चौदा वर्षांखालील मुलींची. लीगचा नियम असा की ज्या संघाने हंगामात आपल्या मैदानावर एकही सामना खेळला नाही, तो शेजारच्या संघात विलीन करावा. शेजारी बरिल्गा होतं. बरिल्गाची जर्सी तपकिरी, आणि खेळही तसाच. मुलींचे घरच्या मैदानावरचे सगळे सामने जुलैनंतरच होते, आणि त्यातला शेवटचा ऑगस्टच्या अखेरच्या शनिवारी होता. तोवर मुली वाहनतळावर, उभ्या गाड्यांच्या मधून, सराव करत. पालक गाडीत बसून टिटवीचे फोटो काढत.

"या पोरींनी मधल्या वर्तुळात बसून घ्यावं," क्लबाचा अध्यक्ष मर्व्ह म्हणाला, "आणि जवळ येईल त्याच्या अंगावर किंचाळत धावावं. आठवड्यात दिवा मिळेल."

"तू गप्प पाव काप," ग्लेनिस म्हणाली.

यथाकाल अंडी फुटली. टिटवीची पिल्लं घरट्यात लोळत पडत नाहीत. त्याच दिवशी चालू लागतात. काड्यांवर कापूस खोचल्यासारखी चार पिल्लं आईबापांच्या मागून जाळीखालून बाहेर पडली आणि थेट वाहनतळावर गेली. तिथे डांबर उबदार होतं, शिवाय सांडलेल्या चिप्स होत्या. ग्लेनिसने हे कॅन्टीनच्या खिडकीतून पाहिलं आणि नगरपालिकेच्या उद्यान विभागातल्या नेव्हिलला फोन लावला.

"नेव्हिल, घरटं रिकामं झालं रे. काढ आता कुंपण."

"रिकामं झालं हे कुणी पाहिलं?"

"मी."

"आत जाऊन?"

"खिडकीतून."

"मग ते धरता येत नाही. आत जाऊन पाहावं लागतं."

"मग ये आणि पाहा."

"अगं, आत कसा येऊ? पिल्लं असेपर्यंत आत जायला बंदी आहे."

"पिल्लं नाहीत रे बाबा!"

"असं तू म्हणतेस. पण ते आत गेल्याशिवाय कळणार कसं?"

ग्लेनिसने डोळे मिटून एक श्वास घेतला. देवाने माणसाला संयम दिला तो अशाच फोनसाठी, अशी तिची श्रद्धा होती.

"पिल्लं पार्किंगमध्ये आहेत, नेव्हिल. मर्व्हच्या ट्रकखाली."

"पार्किंग रस्ते विभागाकडे. आणि रस्ते विभागाकडे पक्षी नाहीत."

"मग नियम म्हणतो तरी काय?"

नेव्हिलने नियम वाचला. त्याला वाचायला आवडे. "'कुंपण सर्वकाळ पिल्लांभोवती असावे.' एवढंच."

"मैदानाभोवती असं नाही लिहिलेलं?"

"नाही. पिल्लांभोवती."

"बरं," ग्लेनिस म्हणाली. "देव तुझं भलं करो."

गुरुवारी सराव संपल्यावर संघाची कप्तान ताहलिया कॅन्टीनच्या फळीवर कोपर टेकून उभी राहिली. गुडघ्यावर डांबराचं खरचटलेलं होतं.

"खरं सांग ग्लेनिस, शनिवारी खेळतोय? की त्या चिखलाच्या रंगाची जर्सी घालायची?"

"खेळताय."

"शप्पथ?"

"मी शपथ घेत नाही. शब्द देते."

आता राहता राहिला वाहनतळ. तिथे तीस गाड्या मावतात. पिल्लं फिरती असल्याने त्यांच्याभोवती ऐसपैस जागा सोडावी लागेल. म्हणजे साधारण तीस गाड्यांची. वाचकहो, टिटवी वाचवा म्हणणाऱ्या सत्त्याण्णव टक्क्यांत तुम्हीही होतात, आणि तुमचं मन मोठं आहे याबद्दल ग्लेनिसला तिळमात्र शंका नाही. तेव्हा शनिवारी सामन्याला अवश्य या. गाडी मात्र घरी ठेवून, दोन किलोमीटर चालत या. नगरपालिकेकडे तक्रार करायची असल्यास, आपण कोणत्या विभागाचे हे आधी ठरवून घ्या.

शनिवारी उजाडताना ग्लेनिसने नेहमीची प्रार्थना म्हटली, चहाचं आधण ठेवलं, हातमोजे घातले. मैदानावर दहिवर होतं. तिने पहिला खांब अलगद उपटला, काखेत धरला, आणि पिल्लं बिचकू नयेत म्हणून अगदी हळू पावलं टाकत वाहनतळाकडे निघाली.